ग्राहकाचे मत, शेजाऱ्याचे मत

मुळा ही पूर्वेला वाहणारी नदी. सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावायचे, मुळशीच्या खोऱ्यातून उतरायचे, पुण्यात मुठेला भेटायचे आणि भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळायचे, असा तिचा मूळचा प्रवास. 1927 पासून मात्र तिच्या वरच्या खोऱ्यातले बरेचसे पाणी उलट दिशेने जाते. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ सुमारे दीड किलोमीटर लांबीचा दगडी बांध घालून ते अडवलेले आहे. तिथून ते बोगद्याने डोंगराच्या पोटातून पश्चिमेला नेले जाते आणि कोकणच्या बाजूला भिरा येथे खाली सोडले जाते. जनित्रे फिरवून झाली की हे पाणी कुंडलिका नदीत पडते आणि रोह्यावरून अरबी समुद्राला मिळते. पावसाळा सरल्यावरही कोलाडला राफ्टिंगच्या बोटी चालतात, त्या याच पाण्यावर.

नदी फिरवण्यामागचा हिशेब समजायला सोपा आहे. मुळशी-ताम्हिणीच्या पट्ट्यात सहा हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याची वर्षे विरळ नाहीत. तिथून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या पुणे शहराला साधारण सातशे मिलिमीटर मिळतो. पाणी भरपूर होते, पण वीज नुसत्या पाण्यातून निघत नाही. ती पाण्याच्या पडण्यातून निघते. पूर्वेकडे देशावर उतरणारा उतार मंद, तर पश्चिमेकडे सह्याद्री एकदम तुटलेला. घाटमाथा आणि भिरा यांच्या पातळीत सुमारे पाचशे मीटरचा फरक आहे. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर खाली आले, की त्यातून सुमारे 1.36 युनिट ऊर्जा मोकळी होते. नळांतले घर्षण आणि यंत्रांची तूट वजा केली तरी युनिटभर वीज हाती लागते. पावसाळ्यात कोट्यवधी घनमीटर पाणी साठवणाऱ्या खोऱ्याला हे गणित लावले, म्हणजे मुंबईतल्या अभियंत्यांना आणि भांडवलदारांना ही दरी का दिसली ते कळते.

मुंबईला त्या विजेची खरोखर गरज होती. कापडगिरण्या कोळशावर चालत होत्या आणि कोळसा लांबून, रेल्वेने नाहीतर जहाजाने, येत होता. गिरण्यांच्या धुराड्यांनी शहराची हवा काळवंडली होती. पश्चिम घाटातल्या पाण्यावर वीज करायची कल्पना जमशेदजी टाटांच्या हयातीतच मांडली गेली. 1904 मध्ये ते वारल्यावर 1910 मध्ये पहिली कंपनी उभी राहिली आणि लोणावळ्याच्या तलावांचे पाणी खोपोलीला सोडून 1915 मध्ये वीज मुंबईला पोहोचली. पाठोपाठ आंध्र खोऱ्याची योजना आली आणि 1922 मध्ये भिवपुरीचे केंद्र सुरू झाले. तिसरी कंपनी, टाटा पॉवर, 1919 मध्ये निघाली. मुळशी हे तिचे काम. आपल्या देशातल्या माणसांनी, आपल्या देशातल्या पैशाने उभारलेली ही यंत्रणा तेव्हा जगातल्या कोणत्याही जलविद्युत योजनेच्या तोडीची होती. तिचे मोल कमी लेखून पुढची गोष्ट सांगण्यात प्रामाणिकपणा नाही.

या तिसऱ्या धरणाने जे खोरे बुडणार होते, ते रिकामे नव्हते. मुळशी पेट्यातली पन्नासच्या वर गावे आणि हजारो माणसे त्याच्या पाण्याखाली किंवा पाण्याच्या कडेला येणार होती. हा भाताचा मुलूख. आंबेमोहर पिकवणारी खाचरे नदीच्या काठाने, तळाशी होती. वरच्या उतारावर नाचणी-वरी. पाणी वर चढणार म्हणजे आधी सगळ्यात चांगली जमीन जाणार आणि मागे वरकस राहणार, हे तिथल्या प्रत्येक मावळ्याला कुणी न सांगता दिसत होते. मोबदला पैशांत मिळणार होता. ज्याने आयुष्यात रोख रक्कम फार कमी वेळा हाताळली, त्याला शेताऐवजी नोटा देणे म्हणजे काय देणे, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला.

त्यात जमिनीचे मालक वेगळे आणि कसणारे वेगळे. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली होती. ज्याच्या नावावर जमीन, त्याच्या हाती मोबदला. सावकाराला धरण नकोसे वाटायचे काही कारण नव्हते. त्याचा वाद किमतीचा होता. कुळाला मात्र किमतीतले काहीच मिळणार नव्हते, आणि जाणार होते सगळे. त्यामुळे ‘मुळशीच्या लोकांचे मत’ असे एकच मत नव्हते, आणि या फुटीचा फायदा पुढे विरोधकांपेक्षा कंपनीलाच झाला.

आता कायदा पाहू, कारण या प्रकरणाची कळ तिथे आहे. जमीन घेतली जात होती 1894 च्या भूसंपादन कायद्याखाली. सरकार ती घेणार आणि कंपनीला देणार. या कायद्यात मोजणीवर बोलता येत होते, मालकी कुणाची यावर भांडता येत होते, किंमत कमी वाटली तर न्यायालयात जाता येत होते. जमीन मुळात घेऊच नका, असे म्हणायला त्यात जागा नव्हती. काम लोकोपयोगी आहे की नाही, हे सरकार आणि कंपनी यांच्यात ठरायचे. संपादनालाच हरकत घेण्याचा हक्क देणारे 5-अ हे कलम 1923 च्या दुरुस्तीने कायद्यात आले. मुळशीचा सत्याग्रह तेव्हा चालू होता. एकाने दुसरे घडवले, असे मी म्हणत नाही. पण 1921 मधल्या मावळ्यापाशी आपले मत नोंदवायला कोणता कागद होता, याचे उत्तर या तारखेत आहे: एकही नव्हता.

म्हणून त्यांनी मत नोंदवले ते अंगाने. 16 एप्रिल 1921, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे, त्यांत बायकाही, धरणाच्या कामावर चालून गेले आणि काम थांबवून बसले. पुढे होते विनायकराव भुस्कुटे. शंकरराव देव आणि पांडुरंग महादेव बापट यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्या सोबतीला आले. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. काम काही काळ थांबले. पावसाळा गेला, ते पुन्हा सुरू झाले आणि मग धरपकड, तुरुंगवास, दंड, पुन्हा धरणे असे चक्र तीन वर्षे चालले. राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा इतिहास लिहिला. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच मुळशीला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटले आहे.

त्या तीन वर्षांत पुण्या-मुंबईत जो वाद झाला, तो माझ्या दृष्टीने महाराष्ट्रातला तंत्रज्ञानाविषयीचा पहिला मोठा जाहीर वाद. त्याआधी यंत्रांवर लेख येत, आगगाडीवर कविता होत, विजेच्या दिव्यांचे कौतुक होई. पण हे यंत्र इथे बसवावे का, आणि ते कुणी ठरवावे, यावर सभांमध्ये, वर्तमानपत्रांत, काँग्रेसच्या बैठकांत, तुरुंगात एवढी डोकी लागलेली नव्हती. आणि तो वाद अवघड होता. असहकाराचे वर्ष चालू होते. शत्रू इंग्रज सरकार, तर धरण बांधणारी कंपनी देशी. परदेशी कापडाची होळी करणाऱ्याला देशी गिरणी हवी होती. देशी गिरणीला स्वस्त वीज हवी होती. आणि ती वीज देशी शेतकऱ्याच्या खाचरावर उभी राहणार होती. या साखळीतली कोणती कडी तोडायची, यावर प्रामाणिक देशभक्तांत दोन मते पडली. एक बाजू म्हणे, राष्ट्राच्या उद्योगासाठी थोड्यांनी सोसावे, मात्र मोबदला भरघोस मिळावा. दुसरी म्हणे, ज्याचे घर बुडणार त्याच्या संमतीशिवाय कोणतेही राष्ट्रहित उभे राहत नाही. न. चिं. केळकरांसारखे पुण्यातले पुढारी तडजोडीच्या वाटा शोधत होते. गांधीजींनी एप्रिल 1921 मध्येच ‘यंग इंडिया’त या प्रश्नावर लिहिले. कायद्याने मिळालेल्या हक्कावर अडून न राहता टाटांनी थेट लोकांशी बोलावे, असा त्यांचा आग्रह होता.

या वादात विजेच्या बाजूने बोलणाऱ्या बहुतेकांकडे एक गोष्ट होती: ते त्या विजेचे आजचे किंवा उद्याचे ग्राहक होते. गिरणीमालक, रेल्वे, ट्रामने फिरणारा कारकून, धुराने खोकणारा शहरवासी. ग्राहकाला काय हवे, हे कंपनीने बारकाईने विचारलेले असते. किती दाब, किती तास, किती दर. त्याच्या नकारावर धंदा बुडू शकतो. विरोधात बोलणारे मावळे या यंत्राचे ग्राहक नव्हते. ते त्याचे शेजारी होते. मुळशीची वीज मुंबईला जायची होती आणि मुळशीचे पाणी कोकणात. शेजाऱ्याने नकार दिला तर विक्री एका पैशाने घटत नाही. त्याचे मत कितीही बरोबर असो, यंत्राच्या हिशेबात त्याला रकानाच नसतो. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका फरकाभोवती फिरते.

बापटांविषयी थांबून सांगायला हवे. मुळशीने त्यांना ‘सेनापती’ केले, आणि तिथला त्यांचा विरोध अनेकदा यंत्राला भिणाऱ्या माणसाचा विरोध म्हणून रंगवला जातो. वस्तुस्थिती वेगळी आहे. पारनेरला 1880 मध्ये जन्मलेला हा माणूस डेक्कन कॉलेजातून 1904 मध्ये शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेला, तो अभियांत्रिकी शिकायला. राजकीय भाषणामुळे शिष्यवृत्ती गेली. मग पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँब बनवण्याची विद्या त्यांनी मिळवली आणि ती माहिती हिंदुस्थानात आणली. टर्बाइन म्हणजे काय, दाबनळ म्हणजे काय, पाचशे मीटर उंचीवरून पडणारे पाणी काय करू शकते, हे मुळशीतल्या आणि पुण्यातल्या कितीतरी धरणसमर्थकांपेक्षा बापटांना जास्त कळत असणार. ते यंत्र समजून विरोधात उभे राहिले. 1924 च्या अखेरीस त्यांनी मोजक्या साथीदारांसह धरणाच्या कामाची गाडी शस्त्रांनिशी अडवली आणि त्यासाठी सात वर्षांची शिक्षा घेतली. हे सत्याग्रहाच्या चौकटीत बसत नव्हते, हे त्यांनाही ठाऊक होते. मला तो मार्ग योग्य वाटत नाही. त्याने चळवळीचे उरलेसुरले बळही गेले. पण ज्याने तीन वर्षे बोलून पाहिले, बसून पाहिले, तुरुंगात जाऊन पाहिले, त्याचे मत ऐकणारी एकही जागा शिल्लक नव्हती, हेही तितकेच खरे. धरण पुरे झाले. 1927 मध्ये भिऱ्याची जनित्रे फिरू लागली. सेनापती तेव्हा तुरुंगात होते.

यंत्राच्या शेजाऱ्यांवर अडाणीपणाचा शिक्का बसतो, हे फक्त मुळशीत घडलेले नाही. इंग्लंडमध्ये 1811 पासून पुढची काही वर्षे नॉटिंगहॅमशायरचे विणकर विणकामाच्या यांत्रिक चौकटी फोडत होते. लडाइट हे त्यांचे नाव आज नव्या यंत्राला घाबरणाऱ्या कुणालाही चिकटवले जाते. ते स्वतः कसलेले कारागीर होते, यंत्रांवरच काम करत होते. त्यांची तक्रार होती ती यंत्र वापरून मजुरी पाडणाऱ्या आणि हलका माल काढणाऱ्या मालकांविरुद्ध. संसदेने 1812 मध्ये चौकट फोडण्याला देहदंड ठेवला. त्या विधेयकाविरुद्ध उमरावांच्या सभागृहात कवी बायरनने आपले पहिले भाषण केले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या हेच हेची दरीवर धरण होऊ नये म्हणून जॉन म्यूर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे झगडले आणि 1913 मध्ये हरले. पण म्यूर यांचा लढा निसर्ग पाहायला येणाऱ्यांचा होता. दरीत राहणाऱ्यांनी, आपल्या शेतासाठी उभे राहून, दिलेला लढा म्हणून मुळशीचे स्थान वेगळे आहे, आणि महाराष्ट्राच्या शाळांतून ते याहून ठळकपणे शिकवले जायला हवे.

आता शंभर वर्षे पुढे येऊ, पण पुण्याच्या परिसरातच राहू. सप्टेंबर 2020 मध्ये यूबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम’ या 2003 च्या गाजलेल्या व्हिडिओ गेमची नवी आवृत्ती जाहीर केली. काम सोपवले होते कंपनीच्या पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे. एवढ्या नावाजलेल्या गेमचा मोठा प्रकल्प भारतीय चमूकडे येणे ही या क्षेत्रातल्या तरुणांसाठी अभिमानाची बाब होती. जानेवारी 2021 मध्ये गेम बाजारात यायचा होता. पहिली झलक प्रसिद्ध झाली आणि जगभरच्या खेळणाऱ्यांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली: चेहरे निर्जीव वाटतात, प्रकाश सपाट आहे, चित्रण जुनाट आहे. काही टीका नेमकी होती, काही केवळ क्रूर. कंपनीने तारीख मार्चपर्यंत ढकलली, मग बेमुदत ढकलली आणि मे 2022 मध्ये काम पुण्या-मुंबईकडून काढून माँट्रियलच्या स्टुडिओकडे दिले.

गेमच्या दर्जाविषयी कोण बरोबर होते, हा इथला मुद्दा नाही. मुद्दा वेगाचा आहे. खेळणाऱ्यांनी काही मिनिटांची झलक पाहून दिलेल्या मतांनी एका बलाढ्य कंपनीचे वेळापत्रक हलले, आणि शेवटी काम एका खंडातून दुसऱ्या खंडात गेले. मुळशीच्या माणसांनी तीन वर्षे जिवाच्या आकांताने दिलेल्या मताने बांधाची जागा बदलली नाही. ते खेळणारे ग्राहक होते. त्यांची नापसंती थेट विक्रीत दिसणार होती. मावळ्यांची तक्रार अधिक गंभीर असूनही त्यांच्या हातात असे काही नव्हते. मताचे वजन त्याच्या खरेपणावर ठरत असेल असे आपण धरून चालतो. या दोन घटना शेजारी ठेवल्या, की ते कशावर ठरते हे उघड दिसते.

याच खेळाच्या क्षेत्रात पुण्याने उलट अनुभवही दिला आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या चमूने ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. 2017 मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी त्यांनी काम सोडले नाही आणि 2020 मध्ये गेम जगासमोर आला. आपल्या पुराणकथांतून, राजस्थानी वास्तुकलेतून आणि छायाबाहुल्यांच्या शैलीतून उभे केलेले ते जग परक्या खेळणाऱ्यांनाही भावले. ग्राहकाचे मत फक्त मोडत नाही, ते घडवतेही. त्याच्या बळाविषयी मला शंका नाही. माझी काळजी आहे ती, तेवढेच एक मत ऐकायची सवय लागण्याची.

ही सवय सर्वांत जास्त जिथे लागते ती जागा आज मुळशी तालुक्यातच आहे. हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे मुळशीची, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क याच गावांच्या शेतांवर उभे राहिले. इथल्या इमारतींत रोज जे काम चालते त्याचा गाभा म्हणजे दूरच्या ग्राहकाचे म्हणणे ऐकणे. अमेरिकेतल्या बँकेच्या ग्राहकाला बटण सापडत नाही, युरोपातल्या विमा कंपनीला अहवाल उशिरा मिळतो. ‘टिकीट’ उघडते, ‘बग’ नोंदला जातो, क्लायंटला तासाभरात उत्तर जाते, पुढच्या ‘स्प्रिंट’मध्ये दुरुस्ती होते. दूरवरच्या अनोळखी माणसाची लहानशी नाराजी टिपून ती दूर करण्याची इतकी शिस्तशीर यंत्रणा मराठी मुलुखात याआधी कधी नव्हती. हे कौशल्य खरे आहे आणि त्यामागे हजारो मराठी मुलामुलींची मेहनत आहे.

पण त्याच इमारतीच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसाचे टिकीट कुठे उघडायचे? ओढा बुजून पावसाचे पाणी गोठ्यात शिरले, टँकरशिवाय सोसायटीला पाणी नाही, सकाळी शाळेच्या बसला चौकातून निघायला तास लागतो, या तक्रारी ग्रामसभेत होतात, महामंडळाकडे जातात, तिथून आणखी कुठे जातात. संध्याकाळी आयटी पार्कातून सुटलेला अभियंता त्याच कोंडीत अडकतो, तेव्हा तोही दिवसभराचा ग्राहक-तज्ज्ञ राहत नाही. मुळशीचा एक रहिवासी होतो, आणि त्याचे म्हणणे त्या ग्रामस्थाइतकेच हवेत विरते. गावकरी आणि अभियंता या दोघांना एकमेकांपासून दूर ठेवणारे बरेच काही आहे: भाषा, भाडे, जमिनीचे भाव, जुने राग. तरी शेजारी म्हणून त्यांची स्थिती एकच आहे, हे दोघांच्याही लक्षात यायला हवे.

शेजाऱ्याच्या मताची आणखी एक अडचण म्हणजे ते उशिरा येते. मुळशीतल्या अनेकांना धरण कळले ते शेतात चाचणीचे चर खणायला माणसे आली तेव्हा. तोवर कंपनी निघालेली, पैसा उभा राहिलेला, ग्राहक ठरलेले. यंत्र कागदावरही आलेले नसताना त्याचे परिणाम बोलून पाहायला एक जागा लागते, आणि ती जागा साहित्यात आहे. विज्ञानकथेचे मोल मला इथे दिसते.

मराठीत हे काम ज्यांनी आवडीने आणि जबाबदारीने केले त्यांत जयंत नारळीकरांचे नाव आधी घ्यावे लागते. 1966 मध्ये स्थापन झालेली मराठी विज्ञान परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. 1974 च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिले बक्षीस मिळाले. नंतर कळले की हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी नाव बनवले होते, आणि अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाताईंच्या हातचे होते. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञाने एवढी खबरदारी का घ्यावी? कारण कथेवरचे मत तिच्या कर्त्याच्या नावाने वाकू नये, असे त्यांना वाटत होते. मत देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे वजन बाजूला काढून मुद्दा तोलायचा, ही विज्ञानाची जुनी रीत त्यांनी साहित्यात आणली. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या लेखनाने तो प्रवाह रुंदावला. विज्ञानकथा हे साहित्य की प्रबोधन, हा वाद बरीच वर्षे रंगला. 2021 मध्ये नाशिकच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तेव्हा माझ्या मते त्याचे उत्तर मिळाले.

त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीचा विषय आपल्या प्रकरणाशी थेट जोडलेला आहे. जमिनीखाली खोल एका प्राचीन, प्रगत संस्कृतीचा ठेवा सापडतो. त्यातल्या माहितीवरून वामन हा विलक्षण बुद्धिमान यंत्रमानव तयार होतो, आणि असे यंत्र बनवता येते म्हणून ते बनवावे का, हा प्रश्न माणसांपुढे उभा राहतो. कादंबरी 1986 ची. संवाद करणारी, चित्रे काढणारी, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी यंत्रे आज हिंजवडीतल्या नोकऱ्यांच्या दारात उभी आहेत, तेव्हा तिच्यातला प्रश्न कल्पनेतला राहिलेला नाही. ज्या वाचकांनी ती शाळकरी वयात वाचली, त्यांतले काही आज याच यंत्रांवर काम करत असतील. त्यांच्याकडे निदान प्रश्नाची ओळख आधीपासून आहे.

कथा मात्र निर्णय करत नाही. तो कायद्यालाच करावा लागतो. शेजाऱ्याच्या मताला कायद्यात जागा मिळायला मुळशीनंतर फार काळ लागला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला तो 1976 मध्ये, कोयनेसह अनेक धरणांचे विस्थापित रस्त्यावर आल्यावर. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण परवानगी देण्याआधी जनसुनावणी घेणे 1997 पासून बंधनकारक झाले. त्यामागे नर्मदेच्या खोऱ्यातल्या आंदोलनाने देशभर निर्माण केलेली जाणीव होती. आणि 1894 चा तो कायदा रद्द होऊन 2013 चा नवा भूसंपादन कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी किमान 80 टक्क्यांची आगाऊ संमती हवी, असे तो सांगतो. सामाजिक परिणामांचा अभ्यास करायला लावतो. ज्यांची मालकी नाही पण उपजीविका त्या जमिनीवर आहे, त्यांनाही बाधित मानतो. म्हणजे 1921 मध्ये ज्या कुळाचे नावच कुठे नव्हते, त्याला आज तरी कागदावर स्थान आहे. या कायद्यात पुढे राज्याराज्यांनी पळवाटा काढल्या, सुनावण्या उरकल्या जातात, इंग्रजी अहवाल मराठी गावात वाचून दाखवण्यापुरते सोपस्कार होतात. हे सगळे खरे आहे आणि यावर भांडत राहायला हवे. पण भांडायला कलम आहे.

आणि मुळशीचे पाणी पुन्हा वादात आले आहे. भिऱ्यावरून समुद्राला जाणारे पाणी पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात वळवावे, ही मागणी गेली काही वर्षे जोर धरते आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची वाढती वस्ती, जिल्ह्याच्या पूर्वेचे कोरडवाहू तालुके आणि हिंजवडीच्या टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या यांची नजर त्या तलावावर आहे. दुसरीकडे वीज कंपनीचे हक्क आहेत, मुंबईची वीज आहे, कुंडलिकेच्या खालच्या अंगाला त्या पाण्यावर वसलेले उद्योग आणि शेती आहे. शंभर वर्षांत तेही या यंत्राचे शेजारी झाले. आणि तलावाच्या काठाला, वर सरकलेल्या वाड्यांमध्ये, 1921 च्या सत्याग्रहींची चौथी-पाचवी पिढी राहते. पाणी पूर्वेला वळो वा पश्चिमेला राहो, त्यांचे पहिले मागणे आपल्या उंबऱ्यापर्यंतच्या पाण्याचे आहे. पुण्याच्या नळाला जोडणी देण्याचा आराखडा जेव्हा कधी टेबलावर येईल, तेव्हा पुणेकर त्या पाण्याचे ग्राहक असतील, आणि आराखड्यावर पहिली सुनावणी कुठे घ्यायची, पुण्याच्या सभागृहात की मुळशी तालुक्यातल्या पौडला किंवा ताम्हिणीच्या वाटेवरच्या एखाद्या गावात, हा प्रश्न या वेळी त्यांच्यापुढे असेल.